काटा माळ्यावर, फित गळ्यात

अमळनेरला गेली २७ वर्षं मी बायकांचे ब्लाउज शिवते. माझ्याकडे मापांच्या अकरा वह्या साठल्या आहेत आणि त्यांत एकाही बाईचं वजन लिहिलेलं नाही. छाती, कंबर, मुंढा, दंडघेर, उंची एवढ्यावर माझं काम भागतं. कोण सुटलं, कोण उतरलं हे मला वहीचं मागचं पान उलटलं की कळतं. तरी लग्नसराई जवळ आली की दुकानात येणारी प्रत्येक दुसरी बाई एकच रडगाणं सांगते, "काटा हालस नही व आक्का." महिनाभर चालायला जाते, रात्रीचा भात सोडलाय, आणि काटा तिथेच. मग ती चालणं सोडते. या सोडण्याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याच बाईच्या कमरेला फित लावली तर पाऊण इंच कमी भरलेला असतो.

माझंही असंच झालं होतं. २०२२ च्या जूनमध्ये रक्त तपासलं तर साखर काठावर निघाली. मुलाने त्याच आठवड्यात काचेचा डिजिटल काटा आणून दिला. पहिल्या दिवशी ७१.४ किलो. मी रोज पहाटे चालू लागले, चहातली साखर कमी केली, आणि तीन आठवड्यांनी काटा म्हणाला ७१.६. त्या दिवशी मी चपला कोपऱ्यात टाकल्या. धुळ्याला नर्सिंग शिकणारी लेक रविवारी घरी आली, तिने माझ्याच गळ्यातली फित काढून माझ्या पोटाला लावली. सुरुवातीला सवयीने मी स्वतःचं माप वहीत टिपून ठेवलं होतं, ९२ सेंटिमीटर. आता ९०.५ भरलं. दीड सेंटिमीटर गेला होता आणि काट्याला पत्ताच नव्हता. काटा तेव्हा माळ्यावर गेला तो आजही तिथेच आहे.

काटा खोटं बोलत नाही, पण तो सगळं एकत्र मोजतो. हाडं, मांस, चरबी, पाणी, पोटात असलेलं कालचं जेवण, सगळं एका आकड्यात. दिवसभरात किलो-दीड किलोचा फरक नुसत्या पाण्याने पडतो. रात्री पापड-लोणचं, खारे दाणे खाल्ले की मीठ पाणी धरून ठेवतं. भात-पोळीतली जी साखर अंगात साठते ती प्रत्येक ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी सोबत बाळगते. पाळीच्या आधी अंग फुगतं ते वेगळंच. आणि नव्याने व्यायाम सुरू केला की दुखऱ्या स्नायूंत पहिले काही आठवडे पाणी भरतं. माझे ते २०० ग्रॅम तेच असणार. शिवाय आमच्या घरात शहाबादी फरशीवर ठेवलेला काटा आणि स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर ठेवलेला काटा यांत ६०० ग्रॅमचा फरक दिसायचा. असल्या आकड्यावर माणसाने आपला दिवस खराब करून घेऊ नये.

लेकीने आणखी एक गोष्ट सांगितली ती मी आता गिऱ्हाइकांना सांगत असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२ च्या आसपास. पण इंग्रज डॉक्टरांच्या अंगात चरबी ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१ टक्के. आपल्या लोकांची ठेवणच अशी आहे की हातपाय काटकुळे आणि चरबी पोटात. त्यामुळे आपल्याला वजनापेक्षा पोटाचा घेर बघणं जास्त गरजेचं आहे. साखर, रक्तदाब, हृदयाची दुखणी यांचा संबंध या पोटातल्या चरबीशी आहे.

फित कशी लावायची

हे माझ्या धंद्यातलं काम, म्हणून सावकाश सांगते. बहुतेकजणी इथेच चुकतात.

ब्लाउजची कंबर, परकराची कंबर आणि तब्येतीची कंबर या तीन वेगळ्या जागा आहेत. ब्लाउजची कंबर बरगडीवर असते. परकराची नाडी आपण पोटाच्या खाली, ओटीपोटावर बांधतो. तब्येतीसाठी मोजायची ती या दोन्हींच्या मधली. कुशीत बोट दाबून शेवटची बरगडी शोधा. मग खाली कमरेच्या हाडाची वरची कड शोधा. या दोन्हींच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करा. फित त्या खुणेवरून जाऊ द्या. बेंबीवरून मोजू नका, पोट सुटलेलं असलं की बेंबी खाली उतरते आणि माप दर वेळी वेगळं येतं.

सकाळी परसाकडे जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, उघड्या अंगावर मोजा. दोन्ही पाय थोडे फाकवून उभं राहायचं. श्वास सहज सोडायचा आणि सोडून झाल्यावर आकडा बघायचा. पोट आत ओढायचं नाही. माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या दहातल्या आठजणी फित लागली की पोट ओढतात, मग ब्लाउज घट्ट झाला म्हणून मलाच बोलतात. फित अंगाला टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे, आणि पाठीमागून खाली घसरलेली नको. आरशात बघा किंवा घरातल्या कुणाला तरी बघायला सांगा. दोनदा मोजा. दोन मापांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

फितीकडेही लक्ष द्या. कापडी फित वर्षानुवर्षं वापरून ताणली जाते. माझी एक जुनी फित ६० इंचांत अर्धा इंच वाढलेली निघाली. मुलांच्या कंपासमधली पट्टी फितीच्या वेगवेगळ्या भागांना लावून बघा. जुळली नाही तर नवी घ्या.

दर १५ दिवसांनी एकदा मोजलं तरी पुष्कळ. ज्यांना पाळी येते त्यांनी महिन्यातून एकदाच, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी मोजावं. रोज फित लावणं म्हणजे पुन्हा तोच काटा झाला. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला तारीख आणि आकडा लिहा, शेजारी दुसरं काही लिहू नका.

आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही सांभाळायची हद्द मानतात. ज्यांना आकडे नको वाटतात त्यांच्यासाठी दोरीची रीत आहे. आपल्या डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी सुतळी कापा. ती मधोमध दुमडून कापा. तो अर्धा तुकडा मघाच्या खुणेवरून पोटाभोवती फिरवा. दोन्ही टोकं भेटली तर ठीक. नाही भेटली तर मधे जी फट राहते, तेवढं आपलं काम शिल्लक. माझ्या सासूबाईंना आकडा वाचता येत नव्हता, त्यांना ही फट बोटांनी मोजता यायची. चार बोटं, मग तीन बोटं. माझी उंची १५२ सेंटिमीटर, म्हणजे माझी सुतळी ७६ ची. मी ९२ वरून १६ महिन्यांत ८३ वर आले आणि तिथेच टिकले आहे. माझी टोकं अजून भेटलेली नाहीत, पण आठ बोटांची फट होती ती साडेतीन बोटांवर आली आहे आणि साखर काठावरून मागे गेली आहे.

एक कपडा साक्षीला ठेवा

फितीइतकाच खरा साक्षीदार म्हणजे न ताणणारा कपडा. लेगिंग, गाऊन, इलास्टिकची सलवार यांतून पोट किती वाढलं ते कधीच कळत नाही, कारण ते कपडे पोटाबरोबर वाढतात. आमच्याकडे दुपारभर गाऊन घालून वावरणाऱ्या बायकांचं एकदम सणाला ब्लाउज काढल्यावर लक्षात येतं की हुक लागत नाहीत. तयार कपड्यांवरच्या नंबरावरही जाऊ नका. एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीचा एक्सएल असतो.

साध्या सुती कापडाचा, आता जेमतेम बसतो असा एक ब्लाउज किंवा कुर्ता बाजूला ठेवा. महिन्यातून एकदा घाला. हुक लागायला श्वास रोखावा लागतो का, दंडात बाही वळ उठवते का, हात वर केला की काखेत ओढतं का, हे बघा. माझ्या अनुभवात वीस-पंचवीस दिवस नेटाने चाललेल्या काही बायकांचा आधी दंडघेर आणि पाठ सैल पडते, पोट सगळ्यांत मागून. म्हणून पहिल्या महिन्यात पोटाच्या मापात काही दिसलं नाही तरी बाहीकडे बघा.

पुरुषांसाठी वेगळं सांगते. पँटची कंबर ३४ होती आणि १० वर्षांनी ३४ च आहे, म्हणून भाऊ निर्धास्त असतात. पण पट्टा हळूहळू पोटाच्या खाली सरकलेला असतो. पँटचा नंबर तोच, पोट वरून लोंबतंय. माझ्या यजमानांचं हेच झालं होतं, फित योग्य जागी लावली तर ९९ भरली. पुरुषांनी पट्ट्याच्या भोकांवर न जाता शर्टाचं चौथं बटण बघावं, बसल्यावर तिथली फट किती उघडते ते.

जिना आणि खुर्ची

नुसतं जेवण तोडून उतरलेल्या माणसाचं मांसही झडतं. तसं व्हायला नको, म्हणून अंगात ताकद किती आहे हेही मोजायचं. आमच्या गच्चीला १७ पायऱ्या आहेत. वाळवण घेऊन वर गेले की मला धापेने बोलता यायचं नाही. आता एका दमात वर जाऊन शेजारणीशी बोलते.

दुसरं, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर आडवे घ्या आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. साठीच्या बाईला १२ च्या खाली आकडा आला तर पायांची ताकद कमी समजतात. साखर काठावर निघाली तेव्हा मी ४९ ची होते आणि मला ९ च जमले. त्याचं कारण मला ठाऊक आहे. २०१४ पर्यंत मी पायाचं मशीन चालवायची, दिवसभर पाय हलत असायचे. मोटर बसवली आणि पाय थांबले. त्यानंतरच्या दोन वर्षांत माझ्या वहीत माझ्याच ब्लाउजची कंबर दोन इंच वाढलेली आहे. आता फॉल लावायचं काम मी उभ्याने टेबलाशी करते, सरळ टीप मारायची असेल तर जुनं पायाचं मशीन वापरते, आणि दर गिऱ्हाइकाला उठून माप घेते, खुर्चीत बसून नाही. खुर्चीचा आकडा आज १४ आहे.

चालण्याचं म्हणाल तर आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा अर्धा तास. चाल अशी हवी की सोबतच्या बाईशी बोलता येईल पण अभंग म्हणता येणार नाही. मी पहाटे मंगळग्रह मंदिराच्या रस्त्याने जाते. वैशाखात आमच्याकडे पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा पाचला निघून सहाच्या आत घरी. उठायला उशीर झाला तर त्या दिवशी घरातच जिना चढायचा, उन्हात जायचं नाही.

तेलाच्या डब्यावर तारीख

आपल्या खान्देशात भाकरीने कुणी सुटत नाही, तर्रीने सुटतं. मी ताटातल्या घासांचा हिशेब करत नाही. मी तेलाच्या १५ किलोच्या डब्यावर उघडल्याची तारीख मार्करने लिहिते. चार माणसांत आमचा डबा अडीच महिन्यांत संपत होता. हिशेब करा, माणशी रोज ५० ग्रॅम. एका ग्रॅम तेलात ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या ४५०. आता तोच डबा चार महिने जातो, माणशी ३१ ग्रॅम. रोज माणशी १७० कॅलरी कमी झाल्या आणि ताटातला एकही पदार्थ बंद झाला नाही.

शेवभाजीचा कांदा-खोबऱ्याचा मसाला कोरड्या तव्यावर भाजते, फोडणीला चौघांत तीन चमचे तेल. शेव मुळात तळलेली असते, म्हणून ती पातेल्यात न ओतता ताटात, एक मूठ. बट्ट्या उकडून घेतल्यावर कढईत तळायच्या ऐवजी कापून लोखंडी तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करते. वरणाबरोबर खाताना वरून एक चमचा तूप. भरीत पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भाजलेलं असलं की त्याला तेल लागतच नाही फारसं, धुराचीच चव एवढी असते. फक्त त्याच्यासोबत पुऱ्या नको, कळण्याची भाकरी. आमच्याकडे चार भाग ज्वारीला एक भाग अख्खे काळे उडीद दळतात. नुसत्या ज्वारीपेक्षा या भाकरीत प्रथिनं जास्त, दीड भाकरीत दुपार निघते.

चहाचं सांगायलाच हवं. दुकानात दिवसाला सहा कप व्हायचे, कपाला दोन चमचे साखर. ६० ग्रॅम साखर, २४० कॅलरी, आणि पोट भरल्याची खूण नाही. आता तीन कप, अर्धा अर्धा चमचा. पहिले दहा दिवस डोकं दुखलं, नंतर जीभ सरावली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, आमरस-पुरणपोळी होते. त्या दिवशी पोटभर खा. श्रावणात कानबाईच्या सणाला होणाऱ्या रोटांनाही नाही म्हणू नका. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहिलात तर दीड किलो वाढलेलं दिसेल, त्यात बहुतेक पाणी असतं. फितीला मात्र सणानंतर आठ दिवस हात लावू नका, तोवर रोजची भाकरी आणि रोजचं चालणं सुरू झालेलं असतं.

काटा कुणी ठेवायचा

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या दुखण्यात डॉक्टर रोज वजन करायला सांगतात, कारण अंगात पाणी साचतंय का ते त्यावरून कळतं. त्यांनी काटा काढू नये. गरोदर बायकांचं आणि लहान लेकरांचं वजन करावंच लागतं. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊन घेरी येते.

आणि काही न करता कपडे सैल पडू लागले तर आनंद मानू नका. माझी एक गिऱ्हाईक तीन महिन्यांत दोनदा तेच ब्लाउज आवळायला घेऊन आली. खुशीत होती. मी विचारलं, चालतेस का, जेवण कमी केलंस का? दोन्ही नाही. रात्री पाणी प्यायला तीनदा उठते म्हणाली. मी शिलाई न घेता तिला आधी रक्त तपासून यायला सांगितलं. साखर ३०० च्या वर निघाली. थायरॉईड, क्षय यांतही माणूस असंच उतरतं.

आता सैल झालेल्या कपड्यांचं. पहिला इंच गेला की बायका उत्साहाने सगळे ब्लाउज आवळायला आणतात. मी एकच घेते, आणि तोही कच्च्या लांब टाक्याने आवळते. आतली माया, म्हणजे शिवणीत सोडलेलं जादा कापड, कापत नाही. सहा महिने माप त्याच आकड्यावर राहिलं की मग पक्की टीप मारायची, आणि तेव्हाही बाजूला पाऊण इंच माया ठेवूनच.